एकेम : एका विरळ फ्रेंच कुलनामाचा उगम, प्रसार आणि मोंतेनचे मौन

मोंतेनच्या निबंधसंग्रहाच्या दुसऱ्या खंडातील सोळावा निबंध कीर्तीविषयी आहे. त्यात ग्रंथकाराने एक चमत्कारिक तक्रार मांडली आहे. आपल्याला पुरेसे स्वतःचे असे नावच नाही, असे तो म्हणतो. आपली नावे दोन. त्यांपैकी एक साऱ्या कुळाचे, शिवाय परक्यांचेही. पॅरिस आणि मोंपेलिए येथे मोंतेन नावाचे एक घराणे आहे, ब्रिटनी आणि सँतोंज या प्रांतांत ‘द ला मोंतेन’ नावाचे दुसरे. दुसरे नाव म्हणजे मिशेल. ते तर ज्याला घ्यावेसे वाटेल त्याचे. या दोहोंच्या मध्ये, जाता जाता, एक उपवाक्य येते : आपल्या पूर्वजांचे कुलनाम पूर्वी एकेम असे होते आणि इंग्लंडातील एका परिचित घराण्याशी ते आजही संबंध राखून आहे.

या उपवाक्याकडे मोंतेनच्या अभ्यासकांनी चरित्राचा पुरावा म्हणून पुष्कळ पाहिले, गद्यकृतीचा भाग म्हणून मात्र फारसे पाहिले नाही. वस्तुतः तेथे दोन गोष्टी एकदम घडतात. नावांची मोजदाद करताना ग्रंथकार ‘दोन’ म्हणतो आणि तिसरे नाव त्या मोजदादीत धरीतच नाही. तसेच, ज्या नावाने त्याचा पिता बोर्दोचा नगराध्यक्ष झाला आणि ज्या नावाने तो स्वतः बोर्दोच्या पार्लमांत न्यायसभासद म्हणून वावरला, त्या नावाला तो ‘पूर्वीचे’ हे विशेषण लावतो. एका पिढीचे अंतर शतकांचे असल्यासारखे भासावे, अशी ही शब्दयोजना आहे. तिचा विचार करावयाचा तर आधी त्या नावाचा इतिहास पाहणे अवश्य आहे.

एकेम हे कुलनाम गास्कनीचे, आणि त्यातही बोर्दोच्या परिसराचे होय. त्याची व्युत्पत्ती सामान्यतः जर्मानिक व्यक्तिनामापर्यंत नेली जाते. त्या नावाचे उत्तरपद ‘हेल्म’, म्हणजे शिरस्त्राण, हे आहे. ही व्युत्पत्ती ध्वनिदृष्ट्या कशी सिद्ध होते हे पाहावयास ओक भाषेतील ‘गिलेम’ हे नाव पुरेसे आहे. ‘विल्हेल्म’ या नावाचे उत्तर फ्रान्समध्ये ‘गियोम’ झाले आणि दक्षिणेत ‘गिलेम’. ‘हेल्म’मधील लकार लोपून ‘एम’ हा अंत्य ध्वनी उरला. ‘एकेम’मधील अंत्य ‘एम’ तोच. म्हणजे गियोम आणि एकेम ही नावे उत्तरपदापुरती सख्खी भावंडे आहेत. त्यांपैकी एकाला नॉर्मन राजघराण्याचा आश्रय लाभून ते सर्व पश्चिम युरोपात पसरले. दुसरे एका नदीमुखाच्या आसपास अडून राहिले. नावाचे भाग्य त्याच्या अर्थावर अवलंबून नसते, हे यावरून स्पष्ट होते. ‘शिरस्त्राण’ हा अर्थ बोर्दोच्या खारवलेल्या मासळीच्या व्यापाऱ्याच्या कितपत ध्यानी असेल, हेही उघडच आहे.

येथे कोशकारांच्या पद्धतीविषयी एक मर्यादा नोंदवली पाहिजे. अल्बेर दोझाचा १९५१ चा फ्रेंच कुलनामांचा व्युत्पत्तिकोश हा या विषयातील आधारग्रंथ होय आणि मारी-तेरेझ मोर्ले यांनी तीच परंपरा पुढे नेली. परंतु असा कोश जेव्हा एखाद्या नावापुढे जर्मानिक मूळ लिहितो, तेव्हा तो फक्त व्यक्तिनामाचे मूळ सांगत असतो. ते नाव धारण करणाऱ्या कुळाचे नव्हे. सहाव्या-सातव्या शतकांनंतर गॉलमधील लॅटिनभाषी प्रजेने फ्रँक राज्यकर्त्यांची नावे सर्रास उचलली. अकराव्या शतकापासून पुढे, एकाच व्यक्तिनामाची माणसे फार झाल्यामुळे, जोडीला उपनाम लावण्याची रीत पडली आणि कित्येक ठिकाणी बापाचे व्यक्तिनामच वंशपरंपरागत झाले. त्यामुळे एकेम कुळ जर्मानिक वंशाचे होते, असा निष्कर्ष या व्युत्पत्तीवरून मुळीच निघत नाही. इतके साधे तारतम्य न ठेवल्याने हौशी वंशावळकारांनी किती घोटाळे केले आहेत, याला गणती नाही.

मोंतेनने उल्लेखिलेला इंग्लंडचा धागा असाच तपासून घ्यावा लागतो. बाराव्या शतकाच्या मध्यापासून १४५३ पर्यंत गास्कनी इंग्लंडच्या राजाच्या अमलाखाली होती. ती सत्ता ज्या कास्तियोंच्या लढाईत संपली, ते रणक्षेत्र मोंतेनच्या गढीपासून फार दूर नाही. बोर्दोची द्राक्षमदिरा त्या तीन शतकांत इंग्लंडात जात होती आणि सत्ता गेल्यावरही हा व्यापार पुरता तुटला नाही. तेव्हा मदिरा आणि मासळी विकणाऱ्या एका बोर्दोकर कुळाचे इंग्लंडात परिचित असणे स्वाभाविक होते. परंतु ग्रंथकार ‘परिचित ग्राहक’ म्हणत नाही. ‘परिचित घराणे’ म्हणतो. नावातील साम्यावरून नाते कल्पिले गेले आहे आणि व्यापाराचा मार्ग मात्र वाक्यातून गळला आहे.

या व्यापाराचा पुरावा तेओफिल मालवेझँ याने १८७५ मध्ये बोर्दोहून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बोर्दोच्या दप्तरांतून एकत्र केला. त्यातून उभे राहणारे चित्र असे आहे. कुळ मूळचे मेदोकच्या बाजूचे, ब्लांकफोर येथील. रामों एकेम (१४०२–१४७८) हा बोर्दोतील मामाच्या व्यापारात शिरला, त्याचा वारस झाला आणि खारवलेली मासळी, मदिरा व निळा रंग देणारी पास्तेल ही वनस्पती यांच्या उलाढालीत श्रीमंत झाला. रूसेल नावाच्या रस्त्यावर या कुळाची वखार होती. १० ऑक्टोबर १४७७ रोजी, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने मोंतेन ही सरंजामी जहागीर नऊशे बोर्दो फ्रँकांना विकत घेतली. त्याचा पुत्र ग्रिमों याने व्यापारच पुढे चालवला. नातू पिएर (१४९५–१५६८) याने मात्र तलवार धरली, इटलीच्या युद्धांत भाग घेतला आणि परतून जमिनीवर उमरावाप्रमाणे राहू लागला. त्याचा ज्येष्ठ हयात पुत्र मिशेल १५३३ मध्ये जन्मला. एकेम हे नाव टाकून केवळ जमिनीचे नाव लावणारा तो या शाखेतील पहिला पुरुष समजला जातो. १५८० मध्ये बोर्दोच्या सिमों मिलांजने छापलेल्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ‘मिशेल, मोंतेनचा स्वामी’ एवढेच आहे, पुढे राजदत्त पदव्या आहेत, एकेम नाही.

आता ज्या निबंधावर सर्व वाद उभा राहतो तो पाहावा. पहिल्या खंडातील शेहेचाळिसावा निबंध नावांविषयीच आहे. वरवर पाहता ती किश्शांची एक सैल माळ आहे. आमियोने प्लुटार्कच्या भाषांतरात लॅटिन नावे फ्रेंच वळणाने मोडली नाहीत, याबद्दल त्याची स्तुती आहे. दु गेक्लँ या सेनापतीचे नाव तीन तऱ्हांनी लिहिले जाते, तर त्याने मिळवलेली कीर्ती त्यांतल्या कोणत्या अक्षरांना द्यावी, असा प्रश्न आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीच्या पुत्राने फ्रान्समध्ये दिलेल्या मेजवानीची कथा आहे : जमलेल्या उमरावांची नावांवरून पंगत लावली, तेव्हा पहिल्या पंक्तीला गियोम नावाचे एकशेदहा सरदार बसले, साधे उमराव आणि नोकरचाकर वेगळेच. आणि या सर्वांमध्ये एक गंभीर आक्षेप आहे. माणसाला त्याच्या जमिनीच्या नावाने हाक मारणे ही फ्रान्समधील वाईट रीत आहे; तिच्याइतकी कुळांची सरमिसळ दुसऱ्या कशानेही होत नाही; धाकट्या भावाच्या मृत्यूनंतर जमीन परक्याकडे गेली की ते नावही परक्याकडे जाते आणि खऱ्या वंशाचा माग लागेनासा होतो, असा तो आक्षेप आहे.

म्हणजे ज्या रीतीचा निषेध, तिचेच आचरण. या विसंगतीचा निकाल टीकाकारांनी बहुधा दोन प्रकारांनी लावला आहे. एका पक्षाच्या मते हा नवश्रीमंताचा दंभ होय. या पक्षाचा मूळ पुरुष जोसेफ स्कालिगर. मोंतेनचा बाप हेरिंग मासळी विकीत असे, हा त्याचा टोमणा त्याच्या संभाषणांच्या संग्रहात आला आहे. टोमणा एका पिढीने चुकलेला आहे. शिवाय तो मारणारा पंडित स्वतः व्हेरोनाच्या राजकुळाचे वंशजत्व मिरवीत होता आणि तो दावा १६०७ मध्ये शोप याने चव्हाट्यावर आणला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आधुनिक काळात फिलिप दसां यांनी २०१४ च्या आपल्या राजकीय चरित्रात हाच मुद्दा टोमणा वगळून, साधार मांडला आहे. त्यांच्या विवेचनाप्रमाणे निबंधलेखन हेही या कुळाच्या उमरावपदाकडील वाटचालीचे एक साधन होते. दुसरा पक्ष म्हणतो की, सोळाव्या शतकात जहागीरदाराने जहागिरीचे नाव लावणे हा शिष्टाचारच होता, त्यात लपवाछपवी शोधणे व्यर्थ आहे.

दोन्ही पक्षांना ग्रंथातील मजकुराची अडचण आहे. दुसऱ्या पक्षाची अडचण ‘पूर्वी’ या शब्दाची. शिष्टाचार म्हणून नाव गाळणे आणि ते जुन्या काळात ढकलून देणे या भिन्न गोष्टी आहेत. तिसऱ्या खंडाच्या नवव्या निबंधात ग्रंथकार सांगतो की, मोंतेन हे आपले आणि आपल्या बहुतेक पूर्वजांचे जन्मस्थान आहे. त्याच्या थेट पूर्वजांपैकी तेथे जन्मलेला एकटा पिता होता, हे दप्तरांवरून दिसते. ज्या ग्रंथाच्या आरंभीच सचोटीची ग्वाही दिली आहे, त्यात हे विधान राहिले आहे आणि त्याला असत्य म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

परंतु पहिल्या पक्षाची अडचण याहून मोठी आहे. ती दुसऱ्या खंडाच्या अखेरच्या, सदतिसाव्या निबंधात आहे. वैद्यांवर विश्वास न ठेवण्याची वृत्ती आपल्या कुळातच आहे, हे सांगताना मोंतेन आकडे देतो : पिता चौऱ्याहत्तर वर्षे जगला, आजोबा एकोणसत्तर, पणजोबा ऐंशीच्या जवळपास, आणि पहिल्याचा जन्म १४०२ चा. सगळे औषधावाचून. हा पहिला म्हणजे रामों, मासळीचा व्यापारी. ज्याला पूर्वजांची स्मृती पुसावयाची आहे तो पणज्याचे जन्मवर्ष छापून ठेवीत नाही. मोंतेनला आपल्या कुळाची जन्ममरणाची नोंद अचूक हवी आहे. तिच्यावर तो आपल्या मुतखड्याविषयीचे अनुमान बांधतो. फक्त त्या नोंदीवरचे नाव आणि धंदा त्याने काढून घेतले आहेत. देहाचा वारसा तो कबूल करतो, नावाचा नाही. हे दंभापेक्षा निराळे आणि अधिक गुंतागुंतीचे मौन आहे.

या मौनाला एक बाह्य आधारही आहे आणि तो कुलनामांच्या लोकसंख्याशास्त्रातून मिळतो. एखादे कुलनाम नष्ट का होते, याचा गणिती विचार फ्रान्समध्ये बिएनेमेने १८४५ मध्ये प्रथम केला. फ्रान्सिस गाल्टनने १८७३ मध्ये तोच प्रश्न इंग्लंडात विचारला आणि वॉटसनने दिलेले उत्तर १८७४ मध्ये दोघांच्या नावे मांडले गेले. प्रत्येक पुरुषाला सरासरी एक किंवा त्याहून कमी पुत्र असतील तर नाव कधी ना कधी लोपणारच. सरासरी एकाहून अधिक असेल तर ते टिकण्याचा काही संभव राहतो. बिएनेमेने हे बरोबर ओळखले होते. वॉटसन मात्र गणितात घसरला आणि सरासरी कितीही असली तरी सर्व नावे लोपतात, असे म्हणून बसला. या सिद्धांताप्रमाणे विरळ नावाला धोका सर्वांत जास्त. कारण मूळ संख्याच थोडी असल्यावर एक-दोन पिढ्यांतील कन्याबाहुल्य किंवा बालमृत्यू पुरेसा होतो.

मोंतेनचे स्वतःचे घर या सिद्धांताचे उदाहरण म्हणून सहज देता येईल. त्याला सहा मुली झाल्या; त्यांपैकी १५७१ मध्ये जन्मलेली लेओनोर तेवढी जगली. कौटुंबिक पंचांगात त्याने प्रत्येकीची नोंद केली. निबंधात मात्र, दाईकडे असताना आपली दोन किंवा तीन मुले गेली, असा मोघम आकडा आहे. पणजोबाचे वर्ष बिनचूक आणि स्वतःच्या मेलेल्या मुलांची संख्या अनिश्चित. या विषमतेवर पुष्कळ लिहिले गेले आहे, येथे तिचा निर्देश पुरे.

तथापि, सिद्धांत ज्या गृहीतावर उभा आहे तेच या कुळात ढासळते. पुत्राने पित्याचे नाव लावावे, हे ते गृहीत होय. पिएर एकेमचे पाच पुत्र वयात आले. गणिताच्या दृष्टीने नावाची चिंता करण्याचे काही कारण नव्हते. प्रत्यक्षात निबंधांत हे भाऊ कसे भेटतात? मेदोकच्या किनाऱ्यावर ज्याची जमीन वाळूखाली गडप झाली, तो आर्साकचा स्वामी. यादवीच्या दिवसांत जो ग्रंथकाराबरोबर प्रवास करीत होता, तो ला ब्रूसचा स्वामी. रोममध्ये जो दुसऱ्याच्या द्वंद्वात ओढला गेला, तो मातकुलोंचा स्वामी. कानावर चेंडू बसून जो तेविसाव्या वर्षी गेला, तो कॅप्टन सँ-मार्तँ. यांतला पहिला, तोमा, ला बोएसीच्या मृत्यूविषयीच्या पत्रात बोरगार या वेगळ्याच जमिनीच्या नावाने येतो. चुलतेही गाव्हियाक आणि ब्युसागे आहेत. ‘माझा भाऊ’ हे शब्द काढून टाकले, तर ही एका बापाची मुले आहेत, हे कोणत्याही वाचकाला कळणार नाही.

नावांवरील निबंधातील आक्षेप पुन्हा येथे ठेवून वाचावा. कुळांची सरमिसळ, धाकट्या भावांच्या जमिनी, न लागणारा माग : हे सर्व त्याच्या घरातले आहे. तो निबंध परोपदेश म्हणून वाचला जातो, तो स्वतःच्या घराचे वर्णन म्हणून वाचला पाहिजे. फक्त त्यात घरमालकाचे नाव घातलेले नाही. पुत्र असूनही एकेम हे नाव या शाखेत लोकव्यवहारातून मावळले, ते बीजाच्या अभावाने नव्हे, जमिनीच्या खरेदीने. राजसत्तेलाही ही रीत जाचक वाटली असावी. १६२९ च्या राजाज्ञेत उमरावांनी दस्तऐवजांवर जहागिरीच्या नावाने नव्हे, कुळाच्या नावाने सही करावी, असे फर्मावले गेले. तोपर्यंत मोंतेनला जाऊन सदतीस वर्षे झाली होती.

त्याच निबंधात ग्रंथकार आपल्या कुलचिन्हाचे पारिभाषिक शब्दांत काटेकोर वर्णन करतो : निळ्या पृष्ठावर सोनेरी त्रिदले आणि आडवा सिंहाचा पंजा. लगेच विचारतो की, हे चिन्ह माझ्याच घरात राहील याला काय आधार? एखादा जावई ते दुसऱ्या कुळात नेईल, एखादा क्षुद्र खरेदीदार त्याला आपले पहिले चिन्ह करील. घडले तसेच. लेओनोरची दोन लग्ने झाली. दुसऱ्या लग्नाची कन्या मारी द गामाश हिने १६२७ मध्ये लूर घराण्यात प्रवेश केला आणि मोंतेनची जहागीर कन्यांच्या वाटेने आधी लूर आणि नंतर सेग्यूर घराण्याकडे गेली. वंश चालू राहिला, नाव राहिले नाही. वंशाची आणि नावाची लोकसंख्या या दोन वेगळ्या राशी आहेत, हे कुलनामाच्या अभ्यासकाने कधीही विसरू नये. ‘क्षुद्र खरेदीदार’ हा शब्द योजताना १४७७ चा खरेदीदार मोंतेनच्या मनात नव्हता, असे मानणे कठीण आहे. त्याला आपल्या कुळाचे रहस्य सांगावयाचे नव्हते. पण ते ज्याला ठाऊक आहे त्याला हे वाक्य वाचताना थांबावे लागेल, एवढी तजवीज त्याने केली आहे.

लूर घराण्याच्या उल्लेखाबरोबर ‘शातो द’इकेम’ या जगप्रसिद्ध मदिरेची आठवण येते आणि ते मोंतेनच्या पूर्वजांचे मळे होते, अशी समजूत पुष्कळांची आहे. ती टिकणारी नाही. ते मळे १५९३ पासून सोव्हाज घराण्याकडे होते आणि १७८५ मधील एका विवाहाने लूर-साल्यूस घराण्यात आले. नाव तेच आहे, कुळ तेच असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही. बोर्दोलगतच्या मेरिन्याक येथील ‘लेझ एकेम’ हा भागही हेच सुचवतो की, या परिसरात एकेम नावाची घरे एकाहून अधिक होती. नाव विरळ असले तरी त्याचे सर्व धारक एकाच मूळ पुरुषाचे, असे गृहीत धरता येत नाही. व्यक्तिनामापासून बनलेल्या कुलनामाबाबत तर नाहीच.

आजच्या प्रसाराविषयी फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या कुलनाम-नोंदी मार्गदर्शक आहेत. १८९१ पासूनचे जन्म त्यांत प्रांतवार आणि कालखंडवार मांडलेले असतात. त्या जन्मांच्या नोंदी आहेत, हयात माणसांच्या नव्हेत, एवढे भान ठेवून पाहिले तर एकेम हे नाव आजही मुख्यतः जिरोंद या बोर्दोच्या प्रांताचेच असल्याचे आढळते. ‘आयकेम’ हे त्याचे लेखनभेदाने झालेले रूपही त्याच मुलखातले. पाच-सहा शतकांनंतर एखादे नाव उगमस्थानाशी इतके चिकटून असावे, ही विरळ नावांची नेहमीची खूण होय. ते ज्यांनी टिकवले ते बहुधा जहागिरी विकत न घेऊ शकलेले लोक होते. बदलावयास दुसरे नावच त्यांच्याजवळ नव्हते. पुढे २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीखेरीज अन्य नाव लावण्यास मनाई केली आणि नावे गोठली. विसाव्या शतकात एकेम या नावाचे स्पार्क प्लगही फ्रान्सच्या मोटारींत बसले. आपल्या मोतद्दाराने स्वतःला पाँपी म्हणवून घेतले तर त्याला कोण अडवणार, असे विचारणाऱ्या ग्रंथकाराला यात वावगे वाटले नसते.

अलीकडच्या फ्रेंच कायद्याने या विषयाला आणखी एक वळण दिले आहे. १९९३ च्या कायद्यानुसार, पूर्वजाचे अथवा चौथ्या पिढीपर्यंतच्या नातलगाचे नाव लुप्त होऊ नये, या कारणासाठी नाव बदलून मागता येते. २००२ मध्ये संमत होऊन २००५ पासून अमलात आलेल्या कायद्याने अपत्याला मातेचे किंवा दोघांचेही नाव देण्याची मोकळीक दिली. बिएनेमेच्या गणितातील ‘पुत्र’ हा शब्द त्यामुळे फ्रान्सपुरता तरी बदलून ‘अपत्य’ असा वाचावा लागेल. लेओनोरला ही मोकळीक असती, तरी तिने पुढे चालवले असते ते नाव मोंतेन हेच, एकेम नव्हे, याविषयी शंका नको.

आता मूळ तक्रारीकडे यावे. पुरेसे स्वतःचे असे नाव नाही, हे दुःख ज्याने मांडले त्याने कोणत्या दोन नावांत निवड केली होती? मोंतेन म्हणजे पर्वत किंवा टेकडी. हा शब्द आणि आजचा ‘मोंताञ्’ एकच, फक्त जुन्या लेखनपद्धतीमुळे ग्रंथकाराच्या नावाचा उच्चार पुढे वेगळा रूढ झाला. ज्या देशात टेकड्या आहेत तेथे हे नाव कुठेही उगवणार आणि उगवलेही. पॅरिस, मोंपेलिए, ब्रिटनी, सँतोंज ही यादी त्यानेच दिली आहे. याउलट एकेम हे नाव एका नदीमुखापलीकडे कोणाचे नव्हते. जे नाव त्याला इतरांपासून वेगळे करू शकत होते, ते त्याने टाकले. जे कोणालाही लावता येते, ते घेतले. आणि मग नाव आपले नसल्याची खंत केली. या खंतीत विनोद किती आणि व्यथा किती, हे ठरविण्यास मजकुरात आधार नाही. परंतु ते उपवाक्य त्याने गाळले नाही, एवढे निश्चित. हिशेबात न धरलेले तिसरे नाव त्याच वाक्यात, दोन मोजलेल्या नावांच्या मधोमध, छापील अक्षरांत उभे आहे.